मकुएच्या गाण्यातलं कडवं

माझ्या काकांचं नाव मिन्यांग, पण त्यांना त्या नावाने हाक मारलेली मी फक्त काकूच्या तोंडून ऐकली, तीही भांडणात. बाकी सगळे त्यांना मकुए म्हणत. कपाळावर चरे पाडून ते पुरुषांत आले तेव्हा मिळालेला त्यांचा बैल मकुए होता, काळ्या अंगाचा, पांढऱ्या डोक्याचा. आम्हा गुरं राखणाऱ्या डिंका लोकांत माणूस बैलाच्या नावाने ओळखला जातो आणि त्या बैलावर स्वतः गाणं रचतो. बैल मरतो, गाणं मागे राहतं. बायकोशी खोटं बोललेला पुरुष आमच्याकडे खपून जातो. बैलाच्या गाण्यात खोटं बोललेला खपत नाही.

काकांच्या अंगी दुसरा काही गुण होता असं मी म्हणणार नाही. भाला धड फेकता येत नसे, कुस्तीत ते कायम खाली. काकू म्हणायची, "या घरात बैल तेवढा कामाचा निघाला." पण तिन्हीसांजेला गुरांच्या तळावर दोन्ही हात शिंगांसारखे उगारून ते गायला लागले की टवाळ पोरंसुद्धा गप्प बसायची.

गाण्यातलं एक कडवं बैल मिळाला कसा याचं होतं. त्या वर्षी रोगाने आजोबांची गुरं आडवी झाली होती आणि पोराला द्यायला दावणीला एक खोंड उरला नव्हता. उत्तरेकडचे मिसेरिया अरब दर उन्हाळ्यात गुरं घेऊन आमच्या नदीवर उतरतात. त्यातल्या एकाने आमच्या मुलखातल्या रुमतोलच्या विहिरीवर आपल्या कळपातला खोंड सोडून आजोबांच्या हाती दिला. त्याचा मुलगा हिरेका काकांच्याच वयाचा. काका गात:

हिरेकाच्या बापाने विहीर खणली, माझ्या बापाने तिला काठ बांधला,
एका दोराने दोघांनी पाणी शेंदलं,
त्या पाण्यावरून मकुए माझ्याकडे चालत आला.

हे कडवं आलं की हिरेकाने काठी उंचावून आरोळी ठोकायची, हे ठरलेलंच. तो यायचा साखर आणि चहा घेऊन, आणि आरोळी ठोकल्याशिवाय परत जायचा नाही.

मग रुमतोलच्या आसपास जमिनीतून तेल निघालं. आमच्या डासांचा एक चावा ज्यांनी कधी सोसला नव्हता, अशा दोन्हीकडच्या मोठ्या माणसांना ही भूमी आपल्याच पूर्वजांची असल्याचं एकाएकी आठवलं. लढाया झाल्या, गाव जळलं, तह झाला. उत्तर आणि दक्षिण वेगळे देश होण्याच्या वाटेवर होते. आमच्या मुलखाची हद्द दूरदेशीचे न्यायाधीश आखणार होते. तेल हद्दीच्या आत आलं तर उत्पन्नात आमचा वाटा, बाहेर राहिलं तर सगळं उत्तरेचं. त्यासाठी शंभर वर्षांपूर्वी इथे कोण नांदत होतं याचा पुरावा हवा होता. आमच्याकडे कागद कुठले? गाणी होती.

मुखियाचा मुलगा अलोर वकील झाला होता. तो रेकॉर्डर घेऊन आला आणि काकांसमोर उकिडवा बसला. काका पूर्ण गाणं गायले, पणजोबांच्या गुरांपासून मकुएपर्यंत. अलोरने कपाळाला हात लावला.

"काका, गाणं सोन्यासारखं आहे. पण ते विहिरीचं कडवं गाळा."

"का?"

"विहीर अरबाने खणली असं आपणच आपल्या तोंडाने सांगायचं? त्यांचा वकील नाचेल!"

"विहीर त्यानेच खणली रे. माझ्या बापाने काठ बांधला."

"काठ बांधल्याने जमीन मिळत नाही."

"आणि मकुए? तो काय आभाळातून पडला म्हणू?"

अलोर म्हणाला, "काहीच म्हणू नका. पुढच्या कडव्यावर जा."

काका उठून गेले. तळावरच्या शेणाच्या राखेत पाय खुपसून दिवसभर बसून राहिले. संध्याकाळी काकू त्यांच्यासाठी ज्वारीची लापशी घेऊन गेली, मी दुधाने भरलेला तुंबा घेऊन मागे होते.

"मिन्यांग," ती म्हणाली. भांडण नसताना तिने ते नाव घेतलं म्हणून मी चमकले. "गाव जळल्यापासून आपली दोन्ही लेकरं परमुलखात ताडपत्रीखाली राहतात. रुमतोल आपल्या हद्दीत आलं तर ती परत येतील. हिरेका चांगला माणूस आहे, मी नाही कुठे म्हणते? पण तो काही माझ्या पोटचा नाही."

काकांनी लापशीला हात लावला नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी रेकॉर्डरसमोर गाणं गायलं, कडवं सोडून. इतकं सफाईने, की ठाऊक नसलेल्याला सांधा कळला नसता. मला कळला, आणि मला त्यांचा राग आला. काकूचाही आला. ती खोटं बोलत नव्हती, म्हणून जास्तच आला.

ते गाणं न्यायालयात कुणी ऐकलं की नाही, देव जाणे. आमच्या रेडिओने मात्र ते उचललं. 'आमच्या मातीची साक्ष' असं म्हणून रोज वाजवायचे. शाळेतली पोरं ते पाठ म्हणू लागली, मोर्चात गाऊ लागली. काका रेडिओ लागला की उठून बाहेर जात. तळावर त्यांनी गायचं सोडलं. कुणी आग्रह केला की म्हणत, "घसा बसलाय." असा किती दिवस घसा बसतो?

निकाल लागला. रेघ रुमतोलच्या अलीकडून गेली. तेल उत्तरेला गेलं, विहीरही गेली, आणि काकूची मुलं ताडपत्रीखालीच राहिली.

पुढच्या उन्हाळ्यात हिरेका आला. भोवती इतकं रक्त सांडलं होतं, तरी म्हातारा साखरेची पुडी घेऊन आला आणि काकांच्या गुडघ्याला गुडघा लावून बसला.

काकांनी विचारलं, "विहीर कशी आहे?"

"तेलवाल्यांनी तारेचं कुंपण घातलंय. माझ्या गुरांनाही पाणी पाजू देत नाहीत. तुमच्याकडे गेली असती तर निदान मला हाकलताना तू शिवी तरी दिली असतीस."

काका हसले. फार दिवसांनी.

संध्याकाळी पोरांनी पाहुण्यासाठी ते गाणं धरलं. हिरेकाने काठी जवळ ओढली. कडव्याची जागा आली तशी काठी वर गेली. पोरं सरळ पुढच्या कडव्यावर गेली. काठी तशीच हवेत राहिली.

"विसरली वाटतं पोरं," हिरेका म्हणाला.

"नाही," काका म्हणाले. "मीच काढलं. पुराव्यासाठी."

हिरेकाने काठी खाली घेतली. मग म्हणाला, "आता तर निकाल लागलाय ना? आता गा."

काका उभे राहिले. हात उगारले, नीट वरपर्यंत जात नव्हते. फाटक्या आवाजात त्यांनी सुरू केलं, 'हिरेकाच्या बापाने विहीर खणली...'

पोरं एकमेकांकडे बघून हसली. त्यातला थोरला पुढे आला, काकांचा हात धरून आदराने खाली घेतला आणि म्हणाला, "बसा आजोबा. तुमचं चुकतंय. गाण्यात असं काही नाहीये."