विशूची अँटेना आणि आईचं मंगळसूत्र

विशू गेल्याचा फोन आला तेव्हा मी रामनगरच्या दुकानात ब्लाउजपीस फाडत होते. गिऱ्हाइकाला तो देऊन मगच शटर ओढलं. धाकट्या भावावरचा माझा राग अशा बातमीने लगेच उतरावा इतका स्वस्त नव्हता. मग शोकसभा झाली. जन्मभर हृदयाचे ठोके टिपणारी यंत्रं केली आणि हृदयानेच दगा दिला, केवढा हा नियतीचा खेळ, असं एक गृहस्थ डोळे पुसत म्हणाले. कसली नियती! ब्लडप्रेशरच्या गोळ्या हा पाकिटातच ठेवायचा.

बेळगावच्या एका कॉलेजात तो अँटेनांवर संशोधन करायचा. घरावर लावायच्या नव्हे, अंगावर घालायच्या. छातीवर कापडी चकती लावायची, तिने ठोके टिपून कमरेच्या पट्ट्याला बिनतारी कळवायचे, पट्ट्याने पुढे डॉक्टरला. माणसाच्या अंगातलं पाणी लहरी गिळतं, म्हणून टेबलावर झकास चालणारी अँटेना छातीवर आली की मान टाकते, असं तो सांगायचा; आणि सांगताना असा बघायचा, की ते पाणी आपणच मुद्दाम पिऊन आलोय. मी काही विचारलं की, "तुला न्हाई कळायचं, अक्का." लहानपणी अणशीला मामाकडे जाताना बसमध्ये माझ्याच ओटीत ओकायचा, तेव्हा मात्र मला सगळं कळत होतं.

काही वर्षांपूर्वी गणेशगुडीच्या एका रिसॉर्टवर त्याच्या संशोधक मंडळींचा मेळावा भरला. सकाळी चर्चा, दुपारी राफ्टिंग. खेड्यातल्या बाईवर प्रयोग दाखवायचा म्हणून विशूने आईलाच नेलं, सोबतीला मी. आई ठेवणीतलं लुगडं नेसून खुर्चीत बसली. चकती लावली आणि पडद्यावरचे ठोके मधेच गडप होऊ लागले. मंगळसूत्राच्या सोन्याने अँटेना बिघडते, म्हणाला, ते काढ.

"न्हाई काढनार. तुझा बा जित्ता हाय अजून."

"पाचच मिनिटं, आई."

"मशिनीलाच सांग की बाबा, बाई हाय म्हनून. बायका गळ्यात घालत्यात."

मंडळी हसली. विशू लालबुंद झाला आणि त्यांच्याकडे वळून इंग्रजीत काहीतरी म्हणाला. 'इल्लिटरेट' एवढा शब्द मला कळला. जिने चिखलात भात लावून लावून याला शिकवलं, तिला! मी आईला उठवलं आणि बसने घरी आणलं. त्यानंतर मी त्याच्याशी बोलले नाही, त्यानेही तसदी घेतली नाही.

परवा त्याचं सामान आणायला कॉलेजात गेले. गणेशगुडीला सगळ्यात मोठ्याने हसलेला सहकारी आता 'सरांसारखा माणूस होणे नाही' म्हणत पुढे धावला. ढोंगी मेला! प्रयोगशाळेच्या कोपऱ्यात एक धड उभं होतं. आमच्या दुकानात ब्लाउज घालून ठेवतो तसंच, फक्त माणसाच्या मांसासारखं वागावं म्हणून आत मीठ-साखरेच्या पाण्याची खळ भरलेली. आणि त्याच्या गळ्यात काळ्या मण्यांचं, दोन वाट्यांचं मंगळसूत्र.

"बाकीचे लोक अंगावरचे दागिने काढूनच अँटेना मोजतात," तो सहकारी म्हणाला. "सर मात्र त्या मेळाव्यानंतर हे घातल्याशिवाय मोजायचेच नाहीत. अँटेना पुन्हा पहिल्यापासून आखली त्यांनी."

माझं डोकंच फिरलं. म्हणजे आईचं बरोबर होतं हे या शहाण्याला पटलं होतं! मग तोंडाने तसं म्हणायला काय जीभ झिजत होती?

घरी येऊन आईला सांगितलं, जरा तिखटमीठ लावूनच. ती तांदूळ निवडत होती.

"ठावं हाय मला. फोन करून इचारलं हुतं त्यानं, वाट्या केवढ्या, किती लांब. मी समदं मोजून सांगितलं."

"आणि माफी?"

"तीच की गं ती. आनि काय पायजे हुतं?"

इतकी वर्षं मी तिच्या वतीने भांडत बसले, आणि या दोघांचं केव्हाच मिटलं होतं... आईचं एवढ्यावर भागलं. माझं नाही भागत. आता दुकानात तागा उलगडला की हात तिथेच थांबतो. अँटेना कापडाची करत होतास, विशू, आणि सख्खी बहीण कापड विकते. कुठलं कापड घेऊ, एवढं तरी विचारायचं होतंस... मी फोन उचलला असता.