सावडीतले माझे हात

आता जो तो विद्यापीठाच्या गप्पा मारतो. आमच्या वेळी भोर संस्थानातली शाळा हेच आमचं विद्यापीठ. खरी युनिव्हर्सिटी मुंबईला. मॅट्रिकचे पेपर ती काढायची, एवढाच तिचा-आमचा संबंध. दगडी इमारत, छडीवाले मास्तर आणि डोंगरातून उतरलेली आम्ही पोरं. राहायला देवळाची ओवरी. भात आपला आपण रांधायचा, कच्चा राहिला तरी मुकाट गिळायचा.

मी डोंगरातल्या पासली गावचा. वडील लवकर गेले, घरात आई नि मी. शाळा जूनमध्ये सुरू व्हायची आणि भातलावणी तिच्या मागोमाग. लावणीसाठी घरी बसलास तर नाव काढून टाकीन, असं मास्तरांनी बजावलेलं. त्यांच्या ताटात भात आभाळातून पडत असावा!

आमच्याकडं लावणी सावडीनं व्हायची. आज सगळ्यांनी एकाच्या खाचरात उतरायचं, उद्या दुसऱ्याच्या. प्रत्येक घरानं दोन माणसं द्यायची. आमची दोन म्हणजे आई नि मी. मी गेलो नाही तर आमच्या खाचरात कोण उतरणार, या धास्तीनं पुस्तकात जीव लागेना. तेवढ्यात आईचा निरोप आला, सावडीचं जमलंय, तू शीक.

आषाढात जोडून सुट्टी मिळाली, घरी गेलो. दाराला कडी. शेजारच्या काकूंनी सांगितलं, पोराचे हात मी देते असं आईनं सावडीत कबूल केलंय. सगळे यायच्या आधी ती उतरते, सगळे गेले तरी वाकलेलीच असते.

धावत गेलो. दुसऱ्याच्या खाचरात, भरल्या पावसात आई एकटीच रोपं लावत होती. चिखलातून पाय उचलला की बोटांच्या कुजलेल्या बेचक्या दिसत होत्या. माझं डोकंच फिरलं. शाळा गेली खड्ड्यात, मी आता जात नाही, म्हणालो.

तिनं हात थांबवला नाही.

"हितं तुजं हात म्या देते. तितं तुज्या जागी कोन बसंल?"

मला लई रडू आलं. दुसऱ्या दिवशी भोरची वाट धरली.

मॅट्रिक पास झालो त्या साली लावणीला घरी होतो. आईला बांधावर बसवलं आणि सावडीत सांगितलं, यंदा आईचे हात मी देणार. ती कसली बसतेय! दुपार व्हायच्या आत डोक्यावरचं पावसाचं इरलं सावरत उतरलीच, माझ्या शेजारी.