रक्त जुळलं नाय

"आजी, तुमचं रक्त जुळत नाही. प्रविण तुमच्या पोटचा आहे का?"

रोह्याच्या दवाखान्यात लॅबच्या निशिगंधा मॅडमनी बाकड्यावर बसलेल्या धोंडुबाईला विचारलं. कंपनीत स्फोट होऊन बारा दिवस झालेले. प्रविणसकट चार कामगारांचा कोळसा झालेला. डीएनए जुळल्याशिवाय एकही देह घरच्यांना मिळणार नव्हता.

"जुळत नाय म्हंजे? दोन वर्सं माज्या अंगावर प्यायलाय! मंग रक्त कोनाचं हाय त्याच्यात?"

पेणच्या खाडीकडची ही बाई. चाळीस वर्षं मिठागरात मीठ ओढलं, मुकादमाशी भांडून बायकांसाठी सावलीची शेड उभी करून घेतली. खोटं तिला जमतच नाही. सोबतची मालू मिठागरातच बाळंत झाली आणि तिथंच गेली. नाळ धोंडुबाईनं कापली, पोर उचललं, आपल्या तान्ह्या लेकीच्या जोडीनं पाजलं. दूध आपलं म्हणजे रक्तही आपलंच झालं, यात तिला कधी शंका आली नाही. म्हणून तर फॉर्मवर 'आई' सांगून तिनं सुई टोचून घेतली.

"मग त्याची स्वतःची वस्तू लागेल. दात घासायचा ब्रश?"

"बोटानं मशेरी लावायचा मुडदा." बोलून गेली आणि तिनं जीभ चावली.

मग एकदम उठली. "नाळ हाय! वाळलेली. मिठात ठेवलीय."

मॅडम पुढे सरकल्या. "मिठात? मग कुजली नसेल. अहो, आम्हीही मीठच वापरतो. पेशी फोडायच्या, मिठानं त्यातला गाळ बाजूला काढायचा, मग थंडगार स्पिरिट ओतायचं. डीएनए पांढऱ्या धाग्यासारखा वर येतो."

"मंग आमालाच बोलवायचं व्हतं कामाला," धोंडुबाई फणकारली.

आठ दिवसांनी रिपोर्ट आला. नाळ तिसऱ्या देहाशी जुळली. कारकुनानं पेन उघडलं. "नातं काय लिहू? रक्ताचं तर नाही."

"आई लिव. आनि मालूचं नाव पन लिव. ती बी आई."

"एका रकान्यात दोन आया बसत नाहीत, बाई."

"मंग रकाना मोठा कर!"

त्यानं मालूचं नाव समासात लिहिलं. शिपायानं पांढऱ्या कापडातलं गाठोडं आणून दिलं. सहा फुटी प्रविण. दोन्ही हात पुढे करून, पाय रोवून धोंडुबाई वजन पेलायला उभी होती. गाठोडं हातात आलं तशी ती ओरडली,

"एवडाच?"