पांढऱ्या रंगात नाव, हुद्दा, नंबर

लालासाहेब सुभेदारांच्या हाती कुठलीही वस्तू दिली की ते आधी तिला रंग मारतात आणि मग ती कशाची आहे ते विचारतात. फौजेत अठ्ठावीस वर्षं त्यांनी स्टोअर सांभाळलं. देशाचं रक्षण बाकीच्यांनी केलं. सुभेदारांनी ताडपत्र्या मोजल्या आणि पेट्यांवर नंबर घातले. निवृत्त होऊन ते तासगाव रस्त्यावरच्या आमच्या गावी आले, तेव्हा लढाईची एखादी गोष्ट ऐकायला मिळेल म्हणून लोक चार दिवस त्यांच्या कट्ट्यावर चहा पीत बसले. पाचव्या दिवशी सुभेदारांनी घरातल्या बादलीवर पांढऱ्या रंगात स्वतःचं नाव, हुद्दा आणि नंबर लिहिला. मग मोटारपंपावर. मग कुकरवर. म्हैस तेवढी वाचली, कारण तिला अक्कल आहे. ब्रश दिसला की ती उभी राहत नाही.

अशा माणसाच्या तावडीत एका घराची अख्खी आठवण सापडली.

झालं असं होतं की सुभेदार सीमेवर ताडपत्र्या मोजत असताना संयोगितावहिनींनी कॅन्टीनमधून आलेल्या छोट्या कॅमेऱ्यावर मुलीचं, शिवांजलीचं, सगळं लहानपण टिपून ठेवलं. तिची बालवाडी, सायकलवरून उसाच्या सरीत पडणं, पडलेले दात. नवरा रजेवर आला की बघेल म्हणून. नवरा रजेवर यायचा आणि खताची पोती मोजायचा. निवृत्तीनंतर मात्र गृहस्थाला उपरती झाली. रोज दुपारच्या चहाबरोबर एक तास, पहिल्या दिवसापासून, क्रमानं बघायला बसले. शिवांजली आता सव्वीस वर्षांची आहे, शिरवळच्या कारखान्यात कॉम्प्युटरचं काम बघते. पण बापाच्या लेखी ती पाचवीत आहे. कुणी म्हटलं, जरा पुढचं बघा, तर म्हणतात, "रांगंनं येऊ दे."

हे सगळं कॉम्प्युटरच्या एका जुन्या डबड्यात दोन हार्ड डिस्कवर होतं. जे एकीवर, तेच दुसरीवर. डबडं घरघरायला लागलं तेव्हा शिवांजलीनं नवा सर्व्हर आणून कोनाड्यात बसवला आणि जाताना बजावलं, "पप्पा, डिस्क पुढच्या रविवारी मी येऊन हलवीन. तोवर कशालाच हात लावायचा न्हाई."

"सामान हलवायला मला शिकवती व्हय?" सुभेदार म्हणाले. "अख्खी पलटण हलवलीय मी."

शनिवारी सकाळी त्यांनी दोन्ही डिस्क उपसल्या. त्यांच्यावर कंपनीच्या बारीक अक्षरांची चिठ्ठी होती. ती सुभेदारांना परेडला शोभणारी वाटेना, म्हणून चाकूनं खरवडून काढली. मग पहिल्या डिस्कला हिरव्या रंगाचे दोन हात दिले, वर, खाली, आणि तारा जोडायच्या खाचेतसुद्धा. काम अर्धवट टाकणारा माणूस नव्हे तो. त्यावर पांढऱ्या रंगात नाव, हुद्दा, नंबर. दुसरीला ब्रश लावणार एवढ्यात वहिनी बाहेर आल्या आणि त्यांनी ती हातातून ओढून घेतली.

"आवं, ह्ये काय चाललंय?"

"जोडी हाय ती. एक रंगीत आन् एक उघडी ठेवायची व्हय?"

"बियाणं कुणी एकाच डब्यात ठेवतं का? ही माझ्याकडं ऱ्हाऊ दे." वहिनींनी डिस्क रिकाम्या खोक्यात घातली, खोकं कपाटात आणि किल्ली कमरेला. सुभेदार तासभर कपाटासमोर हुकूम सोडत होते. कपाट त्यांच्या पलटणीतलं नव्हतं.

रविवारी शिवांजली आली. हिरवी डिस्क उचलून तिनं उलटीपालटी केली, वास घेतला.

"पप्पा, ह्याच्यावर नंबर कशाला?"

"हरवायला नको म्हणून."

"पळून जाणार होती का ती?"

तिनं खाच पुसली, खरवडली, तार लावली. डिस्कनं हूं की चूं केलं नाही. सुभेदार उभे होते ते हळूच पाटावर बसले. अठ्ठावीस वर्षांत त्यांच्या स्टोअरमधलं काही गहाळ झालं नव्हतं, आणि आता स्वतःच्या हातानं त्यांनी पोरीला पाचवीतच मारून टाकलं होतं.

"दुसरी?" त्यांनी खालच्या आवाजात विचारलं.

वहिनींनी कमरेची किल्ली काढली. पण द्यायच्या आधी म्हणाल्या, "बरुश आणा माझ्याकडं." ब्रश कपाटात गेला, डिस्क बाहेर आली.

शिवांजलीनं सर्व्हर बंद करून डिस्क बसवली, पुन्हा चालू केला, डिस्कवर चुकूनही काही लिहिलं जाणार नाही अशी तजवीज केली आणि सगळं सर्व्हरवर उतरवून घ्यायला लावलं. चार वाजेपर्यंत सुभेदार कोनाड्यासमोर पहारा देत होते. मांजर फिरकलं तरी "थांब!" म्हणायचे. आयुष्यातली ही त्यांची पहिली खरी लढाई असावी.

"आता उघडून बघायचं," शिवांजली म्हणाली. "सुरुवातीचं, मधलं आन् शेवटचं. नीट चाललं तरच खरं."

"मधलं नको!" सुभेदार ओरडले. "आजून मी पाचवीत हाय."

"आवं, तपासाय नको का?" वहिनी म्हणाल्या. "तुमी बघू नका, झालं."

आणि तो मिशीवाला, छातीवर पदकांच्या पट्ट्या लावून लग्नांना जाणारा गृहस्थ मुकाट्यानं उठला, पीछे मुड झाला आणि भिंतीला नाक लावून सावधानमध्ये उभा राहिला. मायलेकी पडद्यासमोर बसल्या. शाळेच्या मैदानाचा गलका ऐकू आला. शिट्टी वाजली. मग कॅमेऱ्यामागून वहिनींचा तरुण आवाज, "पळ गं शिवा, पळ! बापाला दाखवायचं हाय!"

भिंतीकडच्या माणसाचे कान लाल झाले.

"कितवी आली?" शेवटी त्यांनी भिंतीलाच विचारलं.

"पाचवी संपवा," वहिनी म्हणाल्या, "मग कळंल."