विहीणबाईंचं मीठ आणि इवायांचा भोंगा

रविवार, पौषातली सकाळ, ऊन नुकतंच ओसरीवर आलेलं. ठिकाण रिठद, माझ्या मुलीचं सासर. हजर: मी, माझी मुलगी, जावई, विहीणबाई (त्या स्वयंपाकघरात होत्या, पण कान ओसरीवर असल्याने हजर धरल्या आहेत) आणि व्याही, ज्यांना आमच्याकडे सगळे इवाई म्हणतात. अंगणात दोन भोंगे बांधलेला त्यांचा ऑटो. विषय: मीठ.

आमच्या इवायांइतका बोलणारा माणूस वाशीम जिल्ह्यात दुसरा नाही, आणि त्यांच्याइतका मुका माणूसही नाही. दोन्ही विधानं मी पूर्ण जबाबदारीने करते आहे. ऑटोवर भोंगे लावून गावोगाव जाहिराती करणं हा त्यांचा धंदा. हातात माइक असला की बियाणं, बोअरवेल, ब्लँकेटचा सेल, हरवलेली शेळी, कशावरही ते न अडखळता बोलतात. आसेगावपासून मालेगावपर्यंतच्या बाजारात लोक त्यांचा आवाज ओळखतात. माइक काढून घेतला, की हाच माणूस ‘हं’ आणि ‘बरं’ या दोन शब्दांवर दिवस काढतो. माझ्या मुलीला पाहायला आले तेव्हा मी सरळ विचारलं, ‘‘इवाईबुवा, पसंत आहे का?’’ त्यांनी छताकडे पाहिलं, खांद्यावरचा दुपट्टा पिळला आणि उठून बाहेर गेले. मला वाटलं, गेलं स्थळ. तेवढ्यात अंगणातून भोंगा गरजला, ‘‘ध्यान द्या! मालेगावची पोरगी आमाले पसंत हाय, हो! एकदम पसंत हाय!’’ मी चहा गाळेपर्यंत अर्धी गल्ली अभिनंदनाला दारात. माझ्या यादीत इतक्या कपांची सोय नव्हती.

मिठाचं प्रकरण सुरू झालं ते विहीणबाईंच्या आजारपणापासून. एका सकाळी भाकरी थापता थापता त्यांचा उजवा हात लुळा पडला, तोंड एका बाजूला ओढलं गेलं. इवायांनी त्यांना उचलून ऑटोत घातलं आणि थेट वाशीमचा रस्ता धरला. आदल्या दिवशीची टेप भोंग्यावर चालूच होती, हे त्यांच्या लक्षातही आलं नाही. मागे बायको अशी पडलेली, हा माणूस डोळे पुसत ऑटो हाकतोय आणि वर भोंगा सांगतोय, ‘‘गरम ब्लँकेट! अशी संधी पुन्हा नाई!’’ रस्त्यात लोक हात दाखवून थांबवत होते. दवाखान्याच्या दारात कुणीतरी वायर ओढून टेप बंद केली. सुदैवाने वेळेत पोहोचले. हात बराचसा परत आला, तोंडाची बाजू किंचित ओढलेली राहिली. डॉक्टरांनी बजावलं, रक्तदाब फार आहे, गोळी चुकवायची नाही आणि मीठ कमी करायचं. पुन्हा असं झालं तर एवढ्यावर निभावेलच असं नाही.

गोळी विहीणबाई घेतात. मीठ मात्र सोडत नाहीत. ताकात मीठ, काकडीला मीठ, मीठ घालून कुटलेल्या ठेच्याशेजारी पुन्हा मिठाची चिमूट. ‘‘तोंडाले चवच नाई बाप्पा, तं जगू कायले?’’ असं म्हणतात आणि वाटी पुढे ओढतात. इवाई शेजारीच जेवत असतात. पाहतात, घास थांबतो, घसा खाकरतात आणि म्हणतात, ‘‘हं.’’

पुढे आरोग्य केंद्राकडून त्यांना एक काम आलं. आठवडाभर ऑटो फिरवायचा आणि कमी मीठ खाण्याची जाहिरात वाजवायची. पेन ड्राइव्हवर एका बाईंचा गोड आवाज होता: ‘आहारातील मिठाचे प्रमाण नियंत्रित ठेवा.’ पहिल्याच बाजारात एका म्हाताऱ्याने ऑटो अडवून विचारलं, ‘‘हे बाई कोण्या कंपनीचं मीठ विकून राह्यली?’’ इवायांनी तिथेच पेन ड्राइव्ह काढून खिशात टाकला आणि माइक हातात घेतला. आठवडा संपला, काम संपलं, पण इवाई थांबले नाहीत. मला फोन करून मजकूर लिहून मागितला. (फोनला ते माइकच समजतात, त्यामुळे फोनवर छान बोलतात.) मी माझ्या सवयीने मुद्दे काढून दिले. त्यांनी ते जसेच्या तसे वाचले, ‘‘क्रमांक एक, पापड! क्रमांक दोन, लोणचं! क्रमांक तीन, वरून मीठ घेनं! कंसात, ताकातसुद्धा!’’ आजही रिठदची पोरं लोणच्याला क्रमांक दोन म्हणतात.

मग त्यांनी पंगतीकडे मोर्चा वळवला. देवळापुढे रोडगे आणि वांग्याच्या भाजीचं जेवण होतं. इवायांनी आचाऱ्याला गाठून भाजीत मीठ बेताचं टाकायला लावलं आणि पानात मीठ वाढणं बंद करवलं. लोक पहिल्या घासाला थबकले. एका काकांनी शांतपणे खिशातून कागदाची पुडी काढली. पुढच्या पंगतीला निम्म्या गावाच्या खिशात पुड्या होत्या. दुसऱ्या दिवशी भोंगा गल्लोगल्ली फिरला, ‘‘कालच्या पंगतीत ज्याइनं खिशातून मीठ काढलं, त्याइचे नावं मले मालूम हायेत. घेत नाई. पन मालूम हायेत!’’ लोक चिडले, हसले, आणि काही जणांनी खरंच मीठ कमी केलं. काही घरांतून तर ताटातली मिठाची जागाच गेली. हे मी स्वतः पाहिलं आहे, म्हणून लिहिते.

त्या रविवारी मला बोलावलं होतं ते एका तक्रारीसाठी. ऑटो प्रत्येक गल्लीत थोडा थांबतो आणि इवायांच्या स्वतःच्या घरासमोर मात्र थांबूनच राहतो, भोंगेही घराकडेच वळवलेले, असं शेजाऱ्यांचं म्हणणं. ‘‘आमी काय पाप केलं? दुपारची झोप नाई,’’ असं समोरच्या मावशी दारातून ओरडून सांगत होत्या. असली कामं मला आवडतात. मी कागद मांडला, गल्ल्या लिहिल्या, सगळ्यांना सारखा वेळ दिला आणि इवायांच्या घरासमोरचा थांबा सरळ खोडला. इवाई कागदाकडे बघत राहिले. बराच वेळ दुपट्टा पिळून झाल्यावर माइकशिवाय त्यांच्या तोंडून एक पूर्ण वाक्य निघालं.

‘‘मंग हिले ऐकू कसं जाईन?’’

‘‘अहो इवाईबुवा, त्या तुमच्या घरातच आहेत!’’ मी म्हणाले.

माझी मुलगी माझ्याकडे पाहू लागली आणि मी माझ्या कागदाकडे. एवढी बाजारगावं, एवढ्या पंगती, एवढं पेट्रोल, आणि ऐकवायचं होतं ते आत चुलीजवळ बसलेल्या एका बाईला. आपल्या एकटीलाच मीठ सोडावं लागतंय असं तिला वाटू नये म्हणून त्यांनी सगळ्या गावाचं मीठ कमी करायला घेतलं होतं.

आतून विहीणबाईंचा आवाज आला, ‘‘इहीनबाई, त्याइले सांगा, मले सारं ऐकू येते. पयल्या दिवसापासून येते.’’

‘‘मग सोडत का नाही हो मीठ?’’

‘‘ते तं गावाले सांगून राह्यले! मले कुठी सांगतलं? एक डाव घरात बसून, माह्याकडं पाहून म्हना म्हनावं. त्याच दिवशी सोडतो. नाई सोडलं तं नावाची नाई मी!’’

जावयाने वडिलांना उठवलं. इवाई आत गेले, विहीणबाईंसमोर पाटावर बसले, घसा साफ केला. आम्ही सगळे दारात. त्यांनी मूठ तोंडापाशी नेली आणि म्हणाले, ‘‘हॅलो.’’

विहीणबाई इतक्या हसल्या की ओढलेलं तोंडही सरळ झाल्यासारखं दिसलं. इवायांनीही हसू दाबलं. मग त्यांनी तिच्या उजव्या हाताकडे पाहिलं, त्यांचे डोळे भरून आले आणि ते बॅटरी चार्जिंगला लावायची आहे असं पुटपुटत बाहेर गेले.

माझा मार्ग-तक्ता लागू झाला आहे. समोरच्या मावशींना झोप मिळते. मिठाच्या भोंग्यासाठी आसेगावच्या बाजाराचंही बोलावणं आलं आहे. मुलगी रोज संध्याकाळी फोन करते. जेवायला बसलं की विहीणबाई मिठाची वाटी ताटाजवळ घेतात आणि लगेच हात घालत नाहीत. इवायांकडे बघत थांबतात. पूर्वी थांबत नसत. इवाई खाकरतात, भाकरीचा तुकडा मोडून तसाच हातात धरतात, आणि भाजी निवत जाते. मग विहीणबाई चिमूट घेतात. लहान, पण घेतात.

कुणाकडून काम कसं करून घ्यायचं हे मला समजतं. हे एक वाक्य मात्र मी लिहून देऊ शकत नाही, आणि त्यांच्या वतीने बोलूही शकत नाही. मी रोज फोनवर विचारते, ‘‘म्हणाले का?’’

‘‘अजून नाही, आई,’’ मुलगी म्हणते. ‘‘आज ‘तू’पर्यंत आले होते.’’