दीड किलोचा संशय

माझे दाजी, म्हणजे थोरल्या बहिणीचा नवरा, वजनकाटे दुरुस्त करतात. किराणा दुकानातले, भंगारवाल्यांचे, टपाल कचेरीतले, दवाखान्यात तान्ही बाळं तोलायचे, असे सगळे काटे बिघडले की त्यांच्या टेबलावर येतात. शेजारचं फोटोफ्रेमचं दुकान माझं. मधल्या लाकडी फळीला एक भोक आहे. त्यातून आम्ही वर्षानुवर्षं पाने-स्क्रूड्रायव्हर, चहाचे कप आणि टोमणे एकमेकांकडे सरकवत आलो.

दाजींना एक खोड होती. गिऱ्हाईक दारात उभं राहिलं की ते नुसत्या नजरेने त्याचं वजन सांगायचे. चुकले तर अर्ध्या किलोने. एका वकिलाला त्यांनी चारचौघांत आकडा सांगितला, तेव्हा तो आपला काटा न घेताच तणतणत निघून गेला होता. ताईला तर ते कधी नावाने हाकच मारत नसत. लग्नानंतर पहिल्यांदा तिला काट्यावर उभं केलं तेव्हा ती बरोब्बर बावन्न किलो भरली आणि पुढची वीस-बावीस वर्षं तेवढीच राहिली. म्हणून तिचं नाव बावन्न. "बावन्न, चहा टाक." "बावन्न, माझा चष्मा कुठंय?" ताई चिडल्याचं दाखवायची, पण तिला ते आवडायचं. माझीच बहीण आहे, मला कळतं.

मग दाजींना मोठ्या आतड्याचा कॅन्सर निघाला. ऑपरेशन झालं, आठ वेळा केमो झाली. त्या सगळ्या दिवसांत हा माणूस आम्हालाच धीर देत होता. केस गेले तेव्हा टकलावरून हात फिरवत म्हणाले, "दोनशे ग्रॅमची बचत." आम्ही हसलो आणि बाहेर जिन्यात जाऊन रडलो. शेवटी डॉक्टर म्हणाले, "आता आजार राहिलेला नाही. फक्त तपासणीला येत जा." ताईने हॉस्पिटलच्या पायऱ्यांवर बसूनच सगळ्यांना फोन केले. दाजी बिघडले ते त्या दिवसापासून.

हे माझ्या लक्षात यायला फार उशीर झाला, आणि त्याबद्दल मला माझाच राग येतो. आजारपणात रोज काहीतरी करायचं असे. सोमवारी सलाइन, गुरुवारी रक्त. बरं झाल्यावर करायला काही उरलं नाही, नुसती वाट बघायची. पोटात जरा गुडगुडलं की दाजींचा चेहरा पांढरा पडायचा. दुकानात येणं त्यांनी बंद केलं. जड उचलायची डॉक्टरांनी बंदी केलीय, हे निमित्त सांगायला सोयीचं होतं. दुकान ताई चालवू लागली. इतकी वर्षं त्यांच्या हाताखाली राहून तिचा हात त्यांच्याइतकाच तयार झाला होता. दाजी घरी बसून फाइल चाळत आणि जो दिसेल त्याच्यावर संशय घेत.

"आधी तीन महिन्यांनी बोलवायचे, आता सहा महिन्यांनी बोलावलंय. का रे?" एकदा त्यांनी मला विचारलं.

"कारण तुम्ही ठणठणीत आहात."

"की माणूस हातचा गेलाय, आता बोलावून करायचं काय?"

"दाजी, काहीही काय बोलता!"

"तुलाही पढवलंय तिने," ते म्हणाले आणि भिंतीकडे तोंड करून पडले.

मागच्या तपासणीत डॉक्टरांनी त्यांना बाहेर बसवलं आणि ताईला आत थांबवून घेतलं. दाजींनी घड्याळ लावलं होतं. चार मिनिटं. नुसत्या औषधांच्या वेळा सांगायला चार मिनिटं लागतात का? शिवाय हॉस्पिटलच्या काट्याने त्यांचं वजन कमी दाखवलं होतं, पण त्या काट्यावर वर्षानुवर्षं कुणी तपासणीची मोहर मारलेली नाही, असं म्हणून त्यांनी तो आकडा मोडीत काढला. नंतर फाइलमधला एक कागद गायब झाला. ताई गच्चीत जाऊन फोनवर बोलू लागली, आणि हे आले की "बरं, ठेवते" म्हणू लागली. त्यांनी ही यादी मला इतक्या वेळा ऐकवली की मला पाठ झाली. वाईट म्हणजे हळूहळू मलाही ती पटायला लागली.

त्यांचा विश्वास एकाच गोष्टीवर उरला होता. घराच्या बोळकांडीत ठेवलेला काटा. तो त्यांनी स्वतः लावलेला होता. काटा लावताना त्याच्यावर ठरावीक वजन ठेवायचं आणि आतलं बटण दाबून 'हे वीस किलो' असं त्याला शिकवायचं. मग झाकण बसवून त्यातून तार ओवायची आणि तारेवर शिशाचा मणी पकडीने दाबायचा. पकडीतली दुकानाची खूण मण्यावर उमटते. मणी फोडल्याशिवाय आत कुणाला हात घालता येत नाही. दाजी रोज सकाळी दात घासायच्या आधी त्या काट्यावर उभे राहत. दोन महिन्यांपूर्वी आकडा रोज थोडा थोडा उतरत होता आणि त्यांचं ताट तसंच परत जात होतं. मग आकडा चढला आणि साठवर स्थिरावला. दाजी दोन घास जास्त खाऊ लागले. आम्हाला वाटलं, सुटलो.

एका दुपारी ते न सांगता दुकानात आले. ताई एका गिऱ्हाइकाकडे काटा बसवायला गेली होती. ती काय लपवते ते बघायलाच ते आले होते, हे उघड होतं. खण उघडून झाले, वह्या उलटून झाल्या. काहीच सापडलं नाही, म्हणून जाता जाता ते दुरुस्त होऊन पडलेल्या एका काट्यावर उभे राहिले.

"साडेअठ्ठावन्न," ते फळीच्या भोकातून कुजबुजले. "सकाळी साठ होतो. चार तासांत दीड किलो गेला?"

"अहो, काटा बिघडलेला असेल."

"तिने लावलाय. ती चुकत नाही." मग त्यांचा आवाज एकदम उतरला. "घरचा चुकतोय. मोठी वजनं घे आणि चल. मला उचलता येत नाहीत."

मी दहा-दहा किलोची दोन वजनं उचलून त्यांच्यामागे निघालो. वाटेत दोनदा ती खाली ठेवून दम घेतला. बोळकांडीत त्यांनी मला वजनं काट्यावर ठेवायला सांगितलं. आकडा आला साडेवीस. त्यांनी गुडघे टेकले आणि शिशाचा मणी बॅटरीच्या उजेडात निरखला.

"खूण आपलीच आहे," मी म्हणालो.

"खूण आपली आहे, हात माझा नाही. मी डावरा आहे. माझी खूण कलंडलेली बसते. ही बघ, सरळ आहे."

त्या पकडीला हात लावणारी माणसं जगात दोनच. आजार परत आलाय, वजन उतरतंय, ताईला ते माहीत आहे आणि ती काट्याला खोटं बोलायला लावून दाजींना फसवतेय, याशिवाय दुसरा अर्थ मला लावताच येईना. दाजी भिंतीला टेकून खाली बसले. "सांगितलं असतं तर मी रडलो असतो का?" ते म्हणाले. "केमोत तरी कुठं रडलो?" मला रडू येत होतं आणि ताईचा भयंकर रागही येत होता.

संध्याकाळी ती आली. दुकानाच्या किल्ल्या खुंटीला अडकवतानाच तिला वजनं दिसली. ती जागीच थांबली.

"कुणाच्या सांगण्यावरून केलंस?" दाजींनी विचारलं.

"कुणाच्या नाही."

"किती दिवस सांगितलेत त्यांनी?"

"कसले दिवस?"

"माझे."

ताईने माझ्याकडे पाहिलं. मी नजर वळवली. माझ्यावरही तिचा भरवसा राहू नये, असं मी त्या क्षणी वागलो, आणि ते मला आजही खुपतं.

तिने पर्समधून पितळी वजनांची छोटी लाकडी पेटी काढली. ग्रॅमची वजनं असतात ती. दाजींनी दोन वर्षांत त्या पेटीला हात लावला नव्हता. आतली मखमल उचलून तिने घडी केलेला कागद त्यांच्यापुढे धरला. फाइलमधला हरवलेला कागद तोच.

"वाचा. मोठ्याने वाचा, त्यालाही ऐकू दे."

दाजींनी वाचलं. आजार परत आल्याची कसलीही खूण नाही. रुग्ण सतत भीतीखाली आहे, त्यामुळे जेवण आणि झोप उडालेली आहे. मानसोपचारतज्ज्ञांना लवकर दाखवावं.

"हे लपवायचं काय होतं?" मी ओरडलोच.

"मी एकदा नुसतं म्हटलं, मनाच्या डॉक्टरकडे जाऊ. आठवतंय काय म्हणालात ते?" ती दाजींना म्हणाली. "'म्हणजे आता पोट हाताबाहेर गेलं, म्हणून तिकडे ढकलताय.' तीन दिवस जेवला नाहीत. तुमच्यासमोर काहीही ठेवलं तरी तुम्ही त्यातून मरणच काढता. मग मी काय करायचं होतं? काटा खाली गेला की तुम्ही जेवत नाही, आणि जेवत नाही म्हणून काटा आणखी खाली. काट्यावर साडेएकोणीसच ठेवले आणि त्याला 'हे वीस' म्हणून शिकवलं. एकदम नाही, आठवडाभरात तीन वेळा, थोडं थोडं. तुम्ही जेवायला लागलात. गच्चीतून त्या मनाच्या डॉक्टरांनाच फोन करायची, यांना कसं आणू म्हणून विचारायला."

"कशावरून खरं?" दाजी म्हणाले. कागद त्यांनी उजेडाकडे धरला, शिक्का नखाने खरवडून पाहिला. "हाही तूच..."

पुढचं ते बोलले नाहीत. ताई थकून दाराच्या चौकटीला टेकली होती आणि दिवा तिच्या मागे होता. दाजी तिच्याकडे बघत होते. ती नजर मी ओळखली, दारातल्या गिऱ्हाइकाकडे बघायची तीच. दोन वर्षांत ती कुणाकडेच वळली नव्हती.

"काट्यावर उभी राहा," ते म्हणाले.

"आता हे काय नवीन?"

"उभी राहा म्हणतो ना."

मी वजनं बाजूला केली. ती चपला काढून उभी राहिली. सेहेचाळीस किलो शंभर ग्रॅम. काटा किती खोटं बोलतो ते तिघांनाही माहीत होतं, हिशोब करायला कुणाला बोटं लागली नाहीत.

"पंचेचाळीस," दाजी म्हणाले.

मला माझी लाज वाटली. मी रोज फळीच्या भोकातून तिला चहाचा कप देत होतो आणि तिच्या बांगड्या कोपरापर्यंत सरकतात हे बघून 'स्टाईल मारतेस का' म्हणून चेष्टा करत होतो.

"बावन्न," दाजींनी हाक मारली. दोन वर्षांनी. आणि तो माणूस, जो केमोत रडला नव्हता, तिच्या पायाशी बसून हमसून हमसून रडला. ती काट्यावरून उतरलीच नाही, तिथूनच त्यांच्या डोक्यावर हात ठेवून उभी राहिली. आकडा तेवढा मागेपुढे होत राहिला.

रडणं ओसरल्यावर त्यांनी शर्टाने तोंड पुसलं, मला दुकानातून पक्कड आणायला पिटाळलं. मी आलो तेव्हा जुना मणी त्यांनी फोडून ठेवला होता. पूर्ण वीस किलो ठेवून काटा पुन्हा लावला, नवा मणी दाबला. खूण कलंडलेली बसली.

"उद्या किती वाजता जायचं त्या डॉक्टरकडे?" त्यांनी विचारलं.

"खरंच येणार?"

"येणार. त्यांच्यावर माझा विश्वास बसलाय असं समजू नकोस. पण येणार. आणि चिठ्ठीवर तुझंही नाव घालायला सांगणार."

ताईने ताटं वाढली. दाजींनी स्वतःच्या ताटाला हात लावला नाही. खुर्ची ओढून ते तिच्या समोर बसले आणि तिच्या हाताकडे बघत राहिले. तिने एक घास घेतला, दुसरा घेतला, तिसऱ्याला तिचा हात थांबला.

"असं काय बघताय? आता माझ्यावर पहारा का?"

"हो," दाजी म्हणाले. "तुझा काही भरवसा नाही. खा."