मामंजींचा फेटा

नातवाच्या गुडघ्याला निलगिरीचं तेल चोळायला घेतलं, की आजही माझा पदर दातांखाली जातो.

पिंपरीत तेव्हा पहिले कारखाने उभे राहत होते. तिथल्या मैदानावर आमच्या ह्यांची बॉक्सिंगची झुंज होती, सगळ्यात वजनदार गड्यांची. जिंकले असते तर मुंबईच्या संघात गेले असते. अंगाला हेच तेल लावलेलं. माझ्या शेजारी कुरुळीहून आलेले मामंजी, जिंकलेल्या पोराला बांधायला नवा फेटा मांडीवर घेऊन. जन्मभर कुस्तीच केलेला माणूस.

ह्यांचा उजवा ठोसा बसला आणि समोरचा गडी पाठीवर कोसळला. पंच आकडे मोजू लागले.

"मामंजी, बसा. दहा होऊ द्या," मी म्हणाले.

"आगं, पाठ टेकली की त्याची. चितपट हाय," म्हणत ते दोरांखालून आत शिरले.

बाहेरचं माणूस आत आलं की झुंज हरली, हे मला ठाऊक होतं. पंचांचं मोजणं थांबलं.

हे पंचांकडे न बघता सरळ बापाकडे वळले. तेव्हा मला त्याचाच राग आला होता. आता डोळ्यांसमोर येतं ते एवढंच: पंच दुसऱ्याचा हात वर करतायत, आणि ठेंगण्या मामंजींना फेटा बांधता यावा म्हणून हे गुडघ्यांत वाकलेत.